महालची बाग आणि दारचें कुत्रें

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका भाचीनें अमेरिकेहून एक छायाचित्र पाठविलें. तिच्या घरामागील अंगणांत मोठ्या झाडांच्या सावलींत एका रोपाचे ताटवे पसरलेले होते. कोठें निळसर राखी, कोठें पिवळट पोपटी, कोठें हिरव्या पानास पांढरी किनार, अशीं रुंद, शिरा उमटलेलीं पानें एकावर एक रेललेलीं होतीं. आणि त्या रंगांच्या मधोमध तिचीं दोन कुत्रीं पाय पसरून निजलीं होतीं. रोपाचें नांव 'होस्टा' असल्याचें तिनें कळविलें होतें. खालीं चारच ओळी होत्या: "मामा, पुढच्या वर्षीं आम्ही महालांतल्या घरीं कायमचे राहावयास येत आहोंत. कुत्रींही येतील. आजोबांच्या चौकांत हीं पानें लागतील का?"

प्रश्न साधा, त्याचें उत्तर एका पत्रांत देतां येईल असें आम्हांस वाटलें. परंतु उत्तर लिहावयास बसलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, या प्रश्नांत वनस्पतिशास्त्र थोडें आणि इतिहास फार आहे. नागपुरास बागा होत्या, कुत्रींही होतीं, आणि दोहोंवर माणसांनीं लोभ केला. परंतु बाग आणि कुत्रें एकाच चौकांत, एकाच सावलींत नांदावें ही गोष्ट आपल्याकडे नवी आहे. ती नवी कशी, आणि त्या नवेपणांत धोका कोणता, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम त्या पाहुण्या रोपाची हकीकत सांगितली पाहिजे. होस्टा हें मूळचें जपान, कोरिया व चीन या देशांचें. जपानांत त्यास 'गिबोशी' म्हणतात. पुलाच्या कठड्यावरील खांबांस कांद्याच्या आकाराचा जो कळस बसवितात त्याचें हें नांव, आणि या रोपाची कळी तशीच दिसते. युरोपास त्याची पहिली माहिती एंगेलबर्ट केंफर या जर्मन वैद्यानें दिली. हा इ. स. १६९० ते १६९२ या काळांत नागासाकी येथील डच वखारींत होता, व त्याचा ग्रंथ १७१२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यानंतर शंभर वर्षांनीं, १८१२ सालीं, ट्राटिनिक या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें होस्ट नांवाच्या आपल्या एका समव्यवसायी वनस्पतिज्ञाचें नांव या वर्गास दिलें. पुढें १८१७ सालीं श्प्रेंगेल यानें तें बदलून 'फुंकिया' केलें, म्हणून बागकामाच्या जुन्या पुस्तकांत तेंच नांव आढळतें. त्याच डच वखारींत १८२३ पासून वैद्य म्हणून राहिलेल्या झीबोल्ट यास १८२९ सालीं जपानांतून हद्दपारीची शिक्षा झाली. परततांना त्यानें बरोबर नेलेल्या वनस्पतींत होस्टाच्या कांहीं जाती होत्या, आणि तेथून हीं पानें युरोपच्या व मग अमेरिकेच्या बागांत पसरलीं. आज त्यांचे हजारों प्रकार आहेत, आणि ते फुलांसाठीं नव्हे, तर केवळ पानांच्या रंगासाठीं लावले जातात.

हें रोप नागपुरास कां चालावयाचें नाहीं, तें सांगणें सोपें आहे. हिंवाळ्यांत त्यास झोंप लागते. पानें झडून जाऊन मुळांचा गड्डा कित्येक आठवडे कडक थंडींत पडून राहिला, तरच वसंतांत त्यास नवे कोंभ जोमानें फुटतात. नागपूरचा हिंवाळा मनोहर खरा. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तर येथें पारा साडेतीन अंशांपर्यंत उतरला होता. परंतु असली थंडी म्हणजे दोनचार रात्रींचा चमत्कार. उलट मे महिन्यांत ४५ अंश उष्णतेची आम्ही बातमीही करीत नाहीं, आणि पारा ४७ च्या पुढें गेल्याच्याही नोंदी आहेत. ज्यास झोंप मिळत नाहीं आणि ज्याचीं पानें उन्हाच्या झळईनें करपतात, तें रोप आमच्या चौकांत फार तर एक पावसाळा काढील.

पण त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. होस्टाच्या अंगीं सॅपोनिन वर्गाचीं द्रव्यें असतात. रिठ्यास फेंस येतो तो याच वर्गाच्या द्रव्यांमुळें. जपानांत माणसें याचे कोंवळे कोंभ भाजी म्हणून खातात. परंतु कुत्र्यानें पानें चघळलीं तर त्यास ओकाऱ्या व हगवण लागते. म्हणजे त्या छायाचित्रांत आम्हांस जो निर्वेध सहवास दिसला, तो रोपाच्या निरुपद्रवीपणामुळें नव्हता. कोणीतरी त्या कुत्र्यांवर लक्ष ठेवीत होतें, एवढाच त्याचा अर्थ. हें ध्यानांत आल्यावर आम्ही परदेशच्या बागेवरून दृष्टि काढली आणि आपल्या गांवाकडे वळविली.

नागपूर हें शहर देवगडचा गोंड राजा बख्तबुलंदशहा यानें इ. स. १७०२ च्या सुमारास वसविलें, ही गोष्ट येथील शाळकरी मुलांसही ठाऊक असते. राजापूर-बारसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्यांच्या जागीं त्यानें रस्ते आंखले. त्याचा मुलगा चांदसुलतान यानें तेथें राजधानी आणली, शहरास तट घातला, आणि जुम्मा तलाव बांधला. तोच पुढें शुक्रवारी व आज गांधीसागर म्हणून ओळखला जातो. चांदसुलतानाच्या मागें वारसाचा तंटा माजला. त्यांत रघूजी भोंसल्यांस मध्यस्थीसाठीं बोलावणें झालें, आणि १७४३ पर्यंत सत्ता त्यांच्या हातीं आली. गोंड राजाचा किल्ला व भोंसल्यांचे वाडे ज्या भागांत उभे राहिले तोच आमचा महाल.

या राजवटीनें शहरास बागा दिल्या. तुळशीबाग शहराच्या आंत, महाराजबाग सीताबर्डीस, आणि पालडी, सक्करदरा, सोनेगांव व तेलंगखेडी येथील बागा गांवाबाहेर, अशी यादी एकोणिसाव्या शतकांतील गॅझेटियरांत मिळते. यांपैकीं सोनेगांव, सक्करदरा व तेलंगखेडी हीं नांवें उच्चारतांच नागपूरकरास तलाव आठवतो, आणि तें साहजिक आहे. जेथें पाऊस चार महिने पडतो आणि उरलेले आठ महिने जमीन भेगाळते, तेथें बाग म्हणजे पाण्याच्या सोयीचें दुसरें नांव. काळ्या जमिनींत विहीर, मोट, पाट व आमराई हीं एकमेकांस धरूनच असावयाचीं. तेव्हां येथील बागेची शोभा फळांत, सावलींत आणि सुवासांत होती. नुसत्या रंगीत पानांसाठीं पाणी खर्चण्याची चैन तींत सहसा नव्हती.

आतां कुत्र्यांकडे वळूं. राजदरबारीं कुत्र्यांची गणना शिकारींत होई. या विषयावर मराठी माणसानें एका ग्रंथाची आठवण ठेविली पाहिजे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११२९ ते ११३१ च्या सुमारास 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणि' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजानें राज्य कसें मिळवावें येथपासून त्यानें जेवावें काय येथपर्यंत सर्व विषय त्यांत आले आहेत. जुन्या मराठीचे कांहीं शब्दही त्यांत सांपडतात, म्हणून आमच्या भाषेच्या अभ्यासकांस तो विशेष प्रिय आहे. याच ग्रंथांत 'सारमेयविनोद' नांवाचें प्रकरण आहे. सारमेय म्हणजे सरमेचे वंशज, अर्थात् कुत्रे. याच ग्रंथांत राजाच्या वनक्रीडेचेंही वर्णन आहे. परंतु ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, एक विनोदांत बसतो आणि दुसरी क्रीडेंत. राजाचा दिवस दोहोंस पुरतो. पण दोहोंची जागा एक नव्हे. कुत्रा रानांतला, आणि राणी बागेंतली.

या नियमास मराठ्यांच्या इतिहासांत एक मोठा अपवाद आहे, आणि तो नागपूरच्या भोंसल्यांस फार जवळचा आहे. छत्रपति शाहू महाराजांस शिकारीचा अतिशय नाद होता. एका शिकारींत वाघापासून त्यांचा जीव त्यांच्या कुत्र्यानें वांचविला, असें ग्रँट डफ लिहितो. परंपरा त्या कुत्र्याचें नांव खंड्या असें सांगते. महाराजांनीं त्यास जहागिरीची सनद करून दिली, पालखीचा मान दिला, आणि एके प्रसंगीं भरजरी वस्त्रें व रत्नें घालून आपली स्वतःची पगडी त्याच्या मस्तकीं ठेविली. ग्रँट डफ यास वेडाच्या लहरींत काढतो. तो परका होता, आणि त्यास तसें वाटणें समजण्यासारखें आहे. पण त्याच लेखकानें हेंही नमूद केलें आहे कीं, महाराजांनीं ती पगडी पुन्हां आपल्या डोक्यावर कधीं घातली नाहीं. साताऱ्याजवळ माहुलीच्या संगमावर त्या कुत्र्याची दगडी मूर्ति व समाधि आजही दाखवितात. ज्या मालकाला वेड म्हणून हंसलें, त्याच्या कृतज्ञतेचा दगड मात्र टिकून राहिला.

पहिले रघूजी भोंसले या शाहू महाराजांच्या शिकारींतले सोबती. शिर्के घराण्यामार्फत त्यांचें महाराजांच्या राणीशीं नातें जुळलें होतें, आणि शिकारींतील धाडसामुळें ते महाराजांच्या मर्जींत चढले, असें इतिहासकार सांगतात. म्हणजे ज्या मनुष्यानें पुढें महालांत राज्य मांडलें, त्याच्या भाग्योदयांत शिकारीचा, आणि म्हणून थोडाबहुत शिकारी कुत्र्यांचाही वाटा होता, असें म्हणावयास हरकत नाहीं. तरीसुद्धां नागपूरच्या बागांच्या वर्णनांत कुत्र्यास जागा मिळालेली आम्हांस आठवत नाहीं. पालखीचा मान मिळूं शकला. बागेंतल्या सावलीचा मान मिळाला नाहीं.

राजांचें असें, तर गृहस्थांचें काय? महालांतील जुन्या वाड्याची रचना ज्यांनीं पाहिली आहे त्यांस याचें उत्तर देववेल. रस्त्याकडे ओटा व देवडी, मग चौक, चौकांत तुळशीवृंदावन, पलीकडे माजघर व स्वयंपाकघर, आणि शेवटीं विहीर, परसू, पारिजातक, जास्वंद, कण्हेर व केळीचीं खुंटें. यांत कुत्र्याची जागा ठरलेली होती: देवडीबाहेर. वैश्वदेवाच्या वेळीं त्याच्या नांवाचा घास काढीत. धर्मशास्त्रानें गृहस्थाच्या अन्नांत कुत्र्याचा वाटा सांगितला आहे, आणि तो बाहेर जमिनीवर ठेवावा असेंही सांगितलें आहे. भिंतीवरच्या तसबिरींत दत्तात्रेयांच्या पायाशीं चार कुत्रीं असत, त्यांस चार वेद मानून आम्ही हात जोडीत असूं. खंडोबाच्या चित्रांतही घोड्याबरोबर कुत्रें असेच. परंतु तसबिरींतलें कुत्रें आंत आणि खरें कुत्रें बाहेर, ही व्यवस्था कोणास विसंगत वाटली नाहीं.

या सोवळ्याचें समर्थन करण्याची आमची इच्छा नाहीं. पण त्या व्यवस्थेचा एक परिणाम असा होता कीं, जो आज कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. परसांतील कण्हेर ही अत्यंत विषारी. तिचीं थोडीं पानें पोटांत गेलीं तरी हृदयाची गति बिघडून जनावर दगावतें. महादेवास वाहावयाचा धोतरा विषारी. मारुतीची रुई विषारी. कच्चा अळू चघळला तर तोंड सुजतें. अशीं झाडें वाड्याच्या आंत पिढ्यान् पिढ्या होतीं, कुत्रें देवडीशीं पिढ्यान् पिढ्या होतें, आणि दोघांची गांठच पडत नव्हती. अंतर हेंच औषध होतें. घरांतील मुलांस मात्र "कण्हेरीचीं फुलें तोडल्यावर हात धुवा" असें बजावलें जाई, कारण मुलें आंत वावरत होतीं. आंत वावरणाऱ्यासाठीं शिकवण आणि बाहेरच्यासाठीं उंबरठा, अशी ती वाटणी होती.

हा उंबरठा कसा ढासळला, ही एकोणिसाव्या शतकाची कथा आहे. १८१७ च्या नोव्हेंबरांत सीताबर्डीची लढाई झाली. डिसेंबर १८५३ मध्यें तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, आणि १८५४ सालीं डलहौसीनें राज्य खालसा केलें. भोंसल्यांचा काळ्या दगडाचा, लांकडी नक्षीकामानें सजविलेला मोठा वाडा १८६४ सालीं जळाला. नगारखान्याची भव्य कमान तेवढी उभी राहिली. तीन वर्षांनीं आगगाडी आली. सत्तेचें केंद्र महालांतून उठून सीताबर्डीच्या टेंकडीपलीकडील बंगल्यांत गेलें, आणि त्याबरोबर बागेची कल्पनाही बदलली. महाराजबाग सरकारच्या हातीं गेली. १८९४ सालीं तेथें प्राणिसंग्रहालय झालें, व १९०६ सालीं शेजारीं शेतकी महाविद्यालय उभें राहिलें.

येथें एका इंग्रजाचें स्मरण करणें न्यायाचें होईल. संस्कृत विद्येचा प्रसिद्ध अभ्यासक कोलब्रुक हा १७९९ ते १८०१ पर्यंत नागपूरच्या दरबारीं कंपनीचा वकील होता. त्यास वनस्पतींचीही गोडी होती, आणि 'कोलब्रूकिया' ही हिमालयापासून सह्याद्रीपर्यंत आढळणारी एक झुडपाची जात आजही त्याचें नांव सांगते. परंतु जे साहेब त्याच्या मागून आले त्यांचें लक्ष येथल्या झाडांपेक्षां कुंडींत मावणाऱ्या परदेशी झाडांकडे अधिक होतें. बंगाल व उत्तर हिंदुस्थानासाठीं फर्मिंजर या पाद्रीसाहेबानें १८६३ च्या सुमारास बागकामाचें पुस्तक लिहिलें, तें बंगल्याबंगल्यांतून वाचलें जात असे. ब्राझीलकडचें कॅलेडियम, जावाकडचा कोलियस, मोलुक्का बेटांकडचा क्रोटन अशीं नुसत्या पानांनीं रंगणारीं रोपें व्हरांड्याच्या कडेस मांडण्याची चाल पडली. विलायतेंतील होस्टाची हौस येथील उन्हांत भागवितां येत नव्हती. ती या रोपांनीं भागविली. तेव्हां आमच्या भाचीची इच्छा वाटते तितकी नवी नाहीं. सावलींत पानांचे रंग पाहावेत ही लालसा नागपुरांत शंभराहून अधिक वर्षांची आहे.

त्याच व्हरांड्यांत साहेबाचें कुत्रें निजत असे. इंग्रजाच्या मनांत कुत्र्यांचे दोन वर्ग होते: घरचें आणि रस्त्यावरचें. पहिल्यास तो मांडीवर घेई, आणि दुसऱ्यास मारण्यासाठीं शिपाई पाठवी. १८३२ च्या जून महिन्यांत मुंबईंत बेवारशी कुत्रीं मारण्याचा असाच सपाटा चालला, तेव्हां पारशी लोकांनीं प्रतिकार केला, दुकानें बंद पडलीं आणि कोटांत दंगा झाला. कारण त्यांच्या धर्मांत कुत्र्यास मान आहे. आपल्या देवडीवरचें कुत्रें या दोहोंपैकीं कोणत्याच वर्गांत बसत नव्हतें. तें कोणा एकाचें नव्हतें आणि बेवारशीही नव्हतें. तें आळीचें होतें. पुढें सुशिक्षित घराण्यांनीं बंगल्याचें अनुकरण करतांना कुंड्या घेतल्या आणि कुत्रेंही घेतलें. वाडे पडले, परसू गेलें, चौक अर्धा झाला. कुत्रें देवडीवरून आंत आलें आणि बाग परसांतून कुंडींत आली. जीं दोघें कधीं भेटलीं नव्हतीं तीं हातभर अंतरावर येऊन बसलीं.

हें आम्ही ग्रंथांवरून लिहीत नाहीं. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं आमच्याच चौकांत ही भेट झाली. वडिलांनीं एका रोपवाटिकेंतून सायकसचें एक मोठें झाड आणलें. तें दिसावयास लहानशा ताडासारखें, पानें चकचकीत, बुंधा रेखीव. जो तो त्याची वाखाणणी करी. विकणाऱ्यानें पाणी किती घालावें तें सांगितलें, ऊन किती लागतें तें सांगितलें, विषाचा शब्द काढला नाहीं. आणि आम्हींही विचारला नाहीं. घरांत मोती नांवाचें कुत्रें होतें. कांहीं वर्षांनीं त्या झाडास नारिंगी बिया धरल्या. बहुधा मोतीला तें खेळणें वाटलें असावें. पहिल्या दिवशीं त्यास ओकाऱ्या झाल्या, दुसऱ्या दिवशीं त्यानें अन्न सोडलें, आणि तिसऱ्या रात्रीं, पशुवैद्यांनीं आशा सोडल्यावर, तो वृंदावनाच्या कट्ट्याला टेकून मेला. सायकसच्या बीजांतील विष यकृत नासवितें, हें आम्हांस मागाहून कळलें. वडिलांनीं दुसऱ्या दिवशीं झाड उपटून काढलें आणि पुढें पुष्कळ दिवस चौकांत कांहीं लाविलें नाहीं. आमची आजी सोवळ्याची कडक. तिनें मोतीस कधीं हात लाविला नव्हता. ती तेव्हां म्हणाली, "मुक्या जिवाला पानांची ओळख नसते, ती आपल्याला असावी लागते. आंत घेतलंत, तर ओळख करून घ्यायची होती."

आजीच्या या बोलण्यांत आमच्या सर्व विवेचनाचें सार आलें आहे. जुन्या व्यवस्थेनें ओळखीचा भार उंबरठ्यावर टाकला होता. आपण उंबरठा काढला, तें चांगलेंच केलें; परंतु त्याच्या जागीं ज्ञान ठेवावयास विसरलों. ज्यास आपण घरांत घेतों त्याच्यासाठीं घर नव्यानें मांडावें लागतें, हा नियम सुनेस लागू आहे तसा कुत्र्यासही.

तेव्हां भाचीस उत्तर काय द्यावें? कॅलेडियम, डिफेनबेकिया व अळू यांच्या पानांत सुईसारखे स्फटिक असतात. ते तोंड व घसा सुजवितात. क्रोटनचा चीक दाहक आहे. कोलियसही चघळणाऱ्या कुत्र्यास बाधतो. म्हणजे साहेबांच्या व्हरांड्याची जवळजवळ सगळी मांडणी बाद झाली. सायकस व कण्हेर यांचें नांवच नको. परंतु रंग यावरच संपत नाहींत. ब्राझीलकडून आलेलीं मॅरान्टा व कॅलॅथिया यांच्या पानांवर जणूं कोणी कुंचल्यानें पट्टे ओढलेले असतात. तीं कुत्र्यांस निरुपद्रवी आहेत, आणि विहिरीजवळच्या दमट सावलींत, उन्हाळ्यांत वाळ्याच्या पडद्याचा आडोसा दिल्यास, रमतात. पांढऱ्या पट्ट्यांचें क्लोरोफायटम तर आपल्या पांढऱ्या मुसळीचेंच भावंड, तेंही निर्धोक. ज्यास होस्टाच्याच कुळांतलें रोप हवें असेल त्यानें ॲस्पिडिस्ट्रा लावावें. तें मूळचें दक्षिण जपान व तैवानकडचें, सावलींत व थोड्या पाण्यांत तग धरण्याबद्दल प्रसिद्ध, आणि त्याची पांढऱ्या पट्ट्यांची जातही मिळते. हीं तिन्ही, होस्टा, क्लोरोफायटम व ॲस्पिडिस्ट्रा, आजच्या शास्त्राप्रमाणें शतावरीच्या कुळांत येतात. विष मात्र एकाच्याच वांट्याला आलें.

आणि जेथें ऊन पोंचतें तेथें कर्दळ. तांबूस, जांभळट, पिवळ्या रेघांची, अशा नाना रंगांच्या पानांची कर्दळ कुत्र्यास बाधत नाहीं आणि नागपूरच्या उन्हासही भीत नाहीं. ही इतकी आपली झाली आहे कीं, तिचें मूळ अमेरिका खंडांत आहे असें सांगितल्यास पुष्कळांस खरें वाटत नाहीं. परदेशचें रोप आपलें होण्यास काय लागतें तें कर्दळीकडून शिकावें: येथला उन्हाळा सोसावा आणि घरच्यांस त्रास देऊं नये.

राहिली मांडणी. कुत्रें उन्हाळ्यांत ओली माती उकरून तींत पोट टेकतें, भिंतीच्या कडेनें ठराविक वाटेनें फिरतें, आणि ज्या झुडपावर रोज पाय वर करतें त्याचीं पानें मुतांतील क्षारांनीं करपतात. त्यास मारून हें सुटत नाहीं. त्याची वाट मोकळी सोडावी, एका कोपऱ्यांत वाळूचा थंड खड्डा त्याच्यासाठींच राखावा, आणि रोपें उंचावर न्यावीं. हा शेवटचा उपाय आपल्या घरांत पूर्वींपासून उभाच आहे. तुळस चौथऱ्यावर कां लावीत याचें धार्मिक कारण कोणतेंही असो. जनावरांच्या पायापासून व तोंडापासून रोप राखण्याची याहून चांगली युक्ति आम्हांस ठाऊक नाहीं. कमरेइतक्या उंचीच्या कट्ट्यावर पानांचे रंग मांडावेत, आणि खालची फरशी कुत्र्यांस द्यावी. खतांत एरंडीची पेंड घालूं नये, कारण तिचा वास कुत्र्यास ओढतो आणि तिचें विष त्यास मारतें. गोगलगाईंसाठीं विषारी गोळ्या टाकूं नयेत. त्या संध्याकाळीं कंदील घेऊन हातानें वेंचाव्यात.

हें सर्व आम्ही भाचीस कळविलें. होस्टा तिकडेच राहूं दे, त्यास त्याचा हिंवाळा लखलाभ असो. कुत्रीं मात्र अवश्य आण, असें लिहिलें. तुळशीबाग हें नांव आज बागेपेक्षां वस्तीचें म्हणूनच अधिक ऐकूं येतें. भोंसल्यांच्या वाड्याची जुनी नक्षी आगींत गेली. आमचा चौकही पूर्वींच्या निम्मा उरला आहे. पण वृंदावनाचा कट्टा शाबूत आहे. मागच्या आठवड्यांत त्याच्या शेजारीं दुसरा एक कट्टा बांधावयास गवंडी आले. मोती ज्या कोपऱ्यांत निजत असे, त्या कोपऱ्यांतली फरशी काढून तेथें वाळू भरण्यास आम्हीं सांगितलें आहे.